पोरगी अडखळत न्हाई

मुलगी बघायच्या कार्यक्रमाची मला किळस आहे. ती वयाबरोबर कमी होईल असं लोक म्हणत होते, पण झाली नाही. आजही कुणाच्या घरी पोह्यांच्या बशा मांडलेल्या दिसल्या आणि आतल्या खोलीत एखादी मुलगी पदर सारखा करत बसलेली दिसली, की मी काहीतरी निमित्त काढून उठते.

कडेगावच्या बाजूला, आमच्याकडे, या कार्यक्रमाची एक ठरलेली रीत होती. मुलीला प्रश्न विचारायचे, पण उत्तरात कुणालाही रस नसायचा. नाव विचारायचं ते नाव माहीत नाही म्हणून नाही, ती बोबडी आहे की अडखळते ते कळावं म्हणून. सुई ओवायला द्यायची ती नजर बघायला. आतून पाण्याचा तांब्या आणायला सांगायचं ते चाल बघायला. आणि केस सोडायला लावायचे, कारण गंगावनाच्या खोट्या केसांनी बऱ्याच जणांना फसवलं होतं. बाजारात बैल घेतानासुद्धा माणसं त्याच्या पाठीवरून प्रेमाने एक हात फिरवतात. इथे तेवढंही नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीला एका दुपारी तीनदा चालायला लावलं होतं, आणि शेवटी तिचा रंग उजळ नाही म्हणून निरोप आला. मी तेव्हा शाळेत होते. दाराच्या फटीतून सगळं बघितलं होतं, आणि माझ्यावर ही वेळ आली तर मी काय करणार, हे तेव्हापासून मनात घोळवत होते.

माझी वेळ आली ती बाहत्तरचा दुष्काळ सरल्यानंतर दोन-तीन वर्षांनी. तोवर मी सांगलीच्या वसतिगृहात राहून बी.ए. झाले होते, आणि तेही इंग्रजी घेऊन. उसाच्या पट्ट्यातल्या घरांमध्ये मुलीला इतकं शिकवणं म्हणजे जरा अतीच होतं. वडिलांनी शिकवलं ते माझ्या हट्टामुळे आणि थोडं मिरवायला.

इंग्रजीत मला सगळ्यात जास्त काय आवडायचं असं कुणी विचारलं, तर हसाल. कविता नाही, गोष्टी नाहीत. क्रियापदापुढे कोणतं प्रिपोझिशन येतं, ते. मुली याला घाबरायच्या. त्यांना वाटायचं, यामागे काहीतरी कारण असलं पाहिजे, आणि ते कारण आपल्यापासून लपवून ठेवलंय. मी त्यांना सांगायचे, कारण शोधू नका. आपण सापाला भितो, सापावर भीत नाही. पोरावर माया करतो, पोराला माया करत नाही. आईवर रागावतो, पण भांडतो आईशी. हे असं का, असं आपल्या गावच्या माणसाला विचारलं तर तो आपल्याच तोंडाकडे बघत राहील. तसंच इंग्रजांचं. डिपेंड म्हटलं की ऑन. कन्सिस्ट म्हटलं की ऑफ. लिसन म्हटलं की टू. जिभेला सवय लावायची आणि सोडून द्यायचं.

वसतिगृहाच्या मागे धुणं धुताना आमचा खेळच चालायचा. एकीने क्रियापद फेकायचं, दुसरीने कपडा आपटायच्या आत उत्तर द्यायचं. मला कुणी हरवू शकत नसे. क्रियापद पूर्ण व्हायच्या आत माझं उत्तर बाहेर पडलेलं असायचं. याचा मला ताठा होता आणि तो असायला काही हरकत नव्हती, असं मला अजूनही वाटतं.

आमच्या इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "तू बी.एड. कर. शिकवणं तुझ्या अंगात आहे." सांगलीतच प्रवेश मिळत होता. आमच्या गावच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर टिकत नव्हता. येणारा प्रत्येक जण दिवाळीला घरी जायचा तो परत यायचाच नाही. त्यामुळे पोरगी बी.एड. होऊन आली की तिची जागा पक्की, असं हेडमास्तरांनी वडिलांना चारचौघांत सांगितलं होतं. एवढं सगळं सरळ समोर असताना फलटणकडचं स्थळ आलं. मुलगा लष्करात लेफ्टनंट. आमच्या भागात घराघरातनं पोरं सैन्यात जायची, पण ती शिपाई म्हणून. ऑफिसर म्हटल्यावर वडिलांचे डोळेच दिपले.

मी दोन दिवस जेवले नाही. तेव्हा वडील चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "त्यास्नी बघून तर जाऊ दे. न्हाई म्हणाले, तर जूनमधी तू सांगलीला. मी आडवा येणार न्हाई. शब्द दिला."

वडील शब्द पाळणारे होते, त्यामुळे मी जेवले. आता मला फक्त नापसंत व्हायचं होतं.

नापसंत होणं वाटतं तेवढं सोपं नसतं. लंगडून चालले असते तर घरच्यांनीच कानशिलात दिली असती. सुई ओवता येत नाही म्हणावं तर आई मागे उभी. तोंड वाकडं करून बसावं तर लोक म्हणणार, लाजते. घरच्यांना कळू न देता नापास होता येईल अशी जागा मला सापडत नव्हती. ती फलटणकरांनीच आणून दिली.

जीपमधून सात-आठ माणसं उतरली. नवरा मुलगा, त्याचे वडील, आत्या, आणि एक मामा. हा मामा कुठल्याशा साखर कारखान्याच्या ऑफिसात साहेब होऊन निवृत्त झाला होता. काखेत घडी केलेलं इंग्रजी वर्तमानपत्र होतं. ते त्याने बसल्यावर मांडीवर ठेवलं आणि शेवटपर्यंत उघडलं नाही. त्याने चहा बशीत ओतून इतका आवाज करत ओढला, की गोठ्यातल्या म्हशीने मान वळवली. मग काडेपेटीतली काडी काढून कान कोरला, काडीचं टोक उजेडात धरून बघितलं आणि काडी पुन्हा पेटीत ठेवली.

आत्याबाई मला घेऊन माजघरात आल्या. वेणी सोडवून केस दोनदा ओढून बघितले. मग म्हणाल्या, "साडी जरा वर घे बाई, पाय बघू दे." मी घोट्यापर्यंत घेतली. "आनि जरा." मी पोटरीपर्यंत घेतली. त्या वाकल्या आणि बोटाने पोटरी दाबून बघितली. त्या बोटाला पोह्यांचं तेल लागलेलं होतं. पोटरी नंतर मी साबणाने धुतली, तरी दिवसभर तिथे काहीतरी चिकटलंय असं वाटत राहिलं.

बाहेर आणून मला पाटावर बसवलं. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं झालं. मग मामाने घसा खाकरला.

"आमचा भाचा ऑफिसर हाय. मेसमधी साहेबांच्या बायका असत्यात, त्यांच्याशी इंग्लिशमधी बोलावं लागतं. तिथं खाली बघायची पाळी नको. मी जरा ग्रामर विचारतो. प्रिपोझिशन. त्यात भलेभले पडत्यात."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. यात मी पडणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि मला कळलं की हीच ती जागा. आमच्या घरात कुणालाही इंग्रजी येत नव्हतं. मी काहीही चुकीचं सांगितलं तरी ते मुद्दाम आहे हे घरच्यांना कळणार नव्हतं. परीक्षक मात्र समोर बसला होता, तो लगेच पकडणार. पोरगी कच्ची निघाली, उठा, चला. मी पदर नीट केला आणि तयार झाले.

"आय लिसन, डॅश, रेडिओ," मामा म्हणाला.

"ॲट," मी म्हणाले.

"करेक्ट."

मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. कान कोरूनसुद्धा.

"माय ब्रदर इज मॅरीड, डॅश, अ डॉक्टर."

"विथ."

"करेक्ट. पुढं. इट डिपेंड्स, डॅश, द रेन."

"फ्रॉम," मी मोठ्याने म्हणाले.

"व्हेरी गुड."

त्याने भावजींकडे, म्हणजे मुलाच्या वडिलांकडे बघून भुवया उडवल्या. तेव्हा मला कळलं. या माणसाला यातलं काहीच येत नव्हतं. वाक्यं कुठल्या तरी जुन्या गाइडातली पाठ होती, उत्तरं नव्हती. मी आणखी वाईट उत्तरं द्यायला लागले. जी उत्तरं पाचवीतल्या पोरानेही दिली नसती, ती दिली. प्रिफर टी बिहाइंड कॉफी. इन्सिस्ट बिलो. शेवटी त्याने विचारलं, "द बुक कन्सिस्ट्स, डॅश, टेन चॅप्टर्स," आणि मी म्हणाले, "अंडर." पुस्तक दहा प्रकरणांच्या खाली. त्यावर तो माणूस मान डोलावून म्हणाला, "एक्सलंट."

नवरा मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याचे बूट लखलखीत होते. तो ऑफिसर होता, त्याला इंग्रजी येत असणार. मी त्याच्याकडे बघितलं, म्हणजे रीत सोडून सरळ बघितलं. बोल की आता. सांग तुझ्या मामाला. त्याने एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

मग मामाने विचारलं, "लेट अस डिस्कस, डॅश, द मॅटर." माझ्याकडची खोटी उत्तरं संपत आली होती, आणि मला या सगळ्याची इतकी शिसारी आली होती, की मी क्षणभर गप्प राहिले आणि खरं तेच सांगून टाकलं.

"काही नाही. डिस्कसच्या पुढे काहीच येत नाही."

मामा चुकचुकला. "अबाउट. डिस्कस अबाउट द मॅटर. ह्ये एक चुकलं. इथं जरा अडखळली." मग तो सगळ्यांकडे वळला. "पन एरवी पोरगी अडखळत न्हाई. फाडफाड उत्तरं देती. इंग्लिश पास."

"केस बी खरं हायती," आत्याबाई म्हणाल्या.

पसंती तिथल्या तिथे झाली. साखर वाटली. मी आत गेले ती थेट मोरीत. तोंडावर पाणी मारत होते तेव्हा वडील हसत हसत आत आले. मी त्यांना एका दमात सांगून टाकलं, "मी सगळी उत्तरं चुकीची दिली. मुद्दाम. त्या माणसाला इंग्रजी येत नाही. तुम्ही बाहेर जाऊन सांगा."

वडिलांचं हसू तसंच राहिलं. "काय सांगू?"

"की मी नापास झाले."

"ते म्हणत्यात पास. त्यांच्या मामाला येत न्हाई आसं मी त्यांच्या तोंडावर सांगू? पाव्हण्यांच्या?" बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज उतरवला. "त्यांनी न्हाई म्हटलं आसतं तर तुला पाठवली आसती. शब्द दिला हुता. पन ते न्हाई म्हणालंच न्हाईत."

यात त्यांनी काही लबाडी केली नव्हती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. शब्द शाबूत होता, फक्त मी सांगलीला जाणार नव्हते.

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. वडील बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "गप बसायचं हुतंस गं. त्यो काय इचारतोय ते कोन बघतंय? नुसतं बोट चावत गपगार बसली आसतीस, तर पोरगी अडखळती म्हणून पाव्हणं उठून गेलं आसतं."

तिचं बरोबर होतं. ती जन्मात एक इंग्रजी अक्षर शिकली नव्हती, पण ती स्वतः पाटावर बसली होती, तिच्या लेकीही बसल्या होत्या, त्यामुळे तिथे काय तपासतात हे तिला ठाऊक होतं. मला वाटलं होतं इंग्रजी आलं म्हणजे परीक्षा बदलली. परीक्षा तीच होती. नाव विचारायच्या जागी प्रिपोझिशन विचारलं होतं, आणि वसतिगृहाच्या मागे धुणं आपटत कमावलेल्या वेगाने मी त्यात पहिली आले होते.

वैशाखात लग्न झालं. जून आला तेव्हा मी फलटणला सासरी भाकऱ्या थापत होते. गावच्या हायस्कुलात नवा मास्तर आला असं कळलं, आणि दिवाळीनंतर तोही परत आला नाही असंही कळलं.

पहिले काही महिने मी एका समजुतीवर काढले. नवऱ्याला इंग्रजी येत नसणार. मामाइतकंच येत असणार, म्हणून तर तो त्या दिवशी बोलला नाही. लग्नानंतर आठवड्याभरात तो पलटणीत परतला होता, त्यामुळे खरंखोटं करायची वेळच आली नव्हती. या समजुतीत मला त्याच्याविषयी तुच्छता वाटायची आणि त्या तुच्छतेचा मला आधार होता. अडाणी माणसावर काय रागवायचं. त्याला कळलंच नाही, त्यात त्याचा काय दोष. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर जन्मभर 'अहो'च म्हणत आले.

मग तो सुट्टीवर आला, आणि त्याच्याबरोबर पुण्याला निघालेले त्याचे दोन ऑफिसर मित्र एका रविवारी जेवायला थांबले. दोघेही पंजाबकडचे. सासूबाईंनी मटण केलं होतं. मी पाण्याचा जग घेऊन बाहेर गेले तेव्हा तो त्यांना इंग्रजीत एक किस्सा सांगत होता. माझ्या अंकलनी तिची परीक्षा घेतली, तो म्हणत होता. तिने एकूण एक उत्तर चुकीचं दिलं. बुक कन्सिस्ट्स अंडर टेन चॅप्टर्स. मित्र पोट धरून हसत होते. एकाच्या मिशीला रस्सा लागला होता आणि तो हसताना ताटात उडत होता. नवरा पुढे सांगत होता, ही इंग्रजीची ग्रॅज्युएट आहे बरं का, शी वॉज ट्राइंग टु गेट रिड ऑफ मी, आणि माझे अंकल म्हणतात एक्सलंट. आणि त्याचं इंग्रजी स्वच्छ होतं. सगळा किस्सा सांगेपर्यंत त्याचं एकही प्रिपोझिशन चुकलं नाही.

मी सगळ्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. मित्र माझ्याकडे कौतुकाने बघत होते. एकाने मला इंग्रजीत विचारलं, "मॅडम, हे खरं आहे का?" मी मान हलवली आणि आत आले. तोच किस्सा पुढे त्याने प्रत्येक छावणीत, प्रत्येक नव्या साहेबापुढे सांगितला. लोकांना तो आमच्या सुखी संसाराचा पुरावा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात आरसा खिळ्याला अडकवून दाढी करत होता. मी गरम पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं? मामाला येत न्हाई. मला येतं की."

"मी मुद्दाम चुकत होते, हेही कळलं होतं?"

"दुसऱ्याच वाक्याला."

"म्हणजे मला हे लग्न नको आहे, हे तुम्हाला कळलं होतं."

तो आरशात बघून गालावरून पातं खाली ओढत होता. मग त्याने ते तांब्यात बुचकळलं. पाण्यावर साबण आणि केस तरंगायला लागले. मी तिथून हलले नाही.

"व्हय," तो म्हणाला. "गंमत वाटली मला. डोकं चालतंय म्हटलं पोरीचं. मला पसंत पडलीस."

"आणि माझ्या पसंतीचं काय?"

त्याने मान वळवली. अर्ध्या तोंडावर फेस होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, लबाडी नव्हती. मी हे काय विचारते आहे, ते त्याला खरोखरच समजत नव्हतं.

"तुझ्या?" तो म्हणाला. "बघायला आमी आलतो की." मग तो पुन्हा आरशाकडे वळला आणि दुसऱ्या गालाला साबण लावायला लागला.